गात नाहीस, मग संगीतात एम.ए. कशाला?

हा प्रश्न पुण्याने आता थांबवावा. गाण्याच्या मंचावर न जाता संगीताच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मुलामुलींना तो हमखास ऐकावा लागतो, आणि विचारणारे बहुधा सवाई गंधर्व महोत्सवाची बैठक न चुकवणारे असतात. १९५३ पासून हा महोत्सव ऐकत हे शहर जाणकार झालं. पण ऐकलेल्याचा विचार करणं म्हणजे इथे अजून 'थिअरी', विशारदच्या परीक्षेआधी चार दिवस पाठ करायचा पेपर. वादी, संवादी, गायनसमय, संपलं शास्त्र.

जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते बघा. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं, पुढे शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण. एवढं काम पुण्यात राहून उभं केलं गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी, तेही समाजशास्त्राच्या वाटेने. मुळशी-मावळातल्या बायकांशी आधी संघटनेचं नातं जुळलं, मग ओव्या हाती आल्या. त्यांना त्या बायकांचं जगणं समजून घ्यायचं होतं. आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ओव्या कुणालाही ऐकता येतात. संगीताच्या विद्यार्थ्याने तिथून पुढे जायचं आहे. एकच चाल किती ओव्यांना पुरते? दोन गावांत ती कुठे वळण बदलते? 'बाई', 'गं' अशा भरीच्या शब्दांनी ओळ कशी लांबते? जात्याचा फेरा आणि गाणारीचा श्वास यांचा मेळ काय, आणि जातं थांबल्यावर, नुसतं बसून गाताना, लय कुठे जाते? हे प्रश्न रागाच्या समयापेक्षा हलके नाहीत. यांतल्या एकाचंही उत्तर ग्रंथालयात बसून मिळत नाही.

असे प्रश्न विचारणाऱ्या शास्त्राचं, म्हणजे एथ्नोम्युझिकॉलॉजीचं, मोठं केंद्रही एकदा आपल्या दारात होतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये या विषयाचं संग्रहालय-संशोधन केंद्र पुण्यातच सुरू केलं, नाझिर जैराझभॉय यांच्या पुढाकाराने. पुढे ते दिल्लीला गेलं, आता गुरुग्रामला आहे. ओव्यांच्या ध्वनिफितीही तिथेच जमा आहेत. गेल्याचं मला दुःख आहेच. त्याहून जास्त खटकतं ते हे, की गाणंवेड्या पुण्यात त्याची आठवणसुद्धा कुणी काढत नाही. 'लोकसंगीतशास्त्र' लिहिणारे अशोक दा. रानडे आपल्याच भाषेतले, त्यांचं पुस्तक तरी किती गायकांच्या घरी आहे?

पोटापाण्याचं विचारता? रास्त आहे. पण गायक होऊ पाहणाऱ्यालाही ती हमी कुणी दिलेली नाही, तरी त्याला आपण क्लास लावतोच ना.

विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुलाच्या रीतीने कलावंत घडवतं आहे, त्याचं मोल मोठं आहे. माझी मागणी साधी आहे: इथे पदव्युत्तर संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाने एक सत्र गावात, वस्तीत, वाघ्या-मुरळीच्या जागरणात काढावं, ध्वनिमुद्रण करावं, स्वरलेखन करावं, आणि त्याला मैफलीइतकेच गुण असावेत. गळा तयार असेल तर उत्तमच, नसेल तर कान तयार करावा.

दळता दळता गायलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. घरातली मुलगी येत्या जूनमध्ये हा विषय घेते म्हणाली, तर तिला एक चांगला रेकॉर्डर घेऊन द्या आणि पौडच्या गाडीत बसवा.