नाव घातलंय, टाकणार कसं?

परवा आप्पेपात्र काढायला स्टुलावर चढले. आप्पेपात्रावर मोदकपात्र, मोदकपात्रात सोऱ्या, सोऱ्याच्या चकत्या कुकरच्या डब्यात, आणि या सगळ्यावर परात उपडी. परात सरकवली तसा सोऱ्या थेट माझ्या टाळूवर आला. "सांभाळ गं, परातीला पोचा येईल!" खालून सासूबाई. टेंगळाची चौकशी नंतर झाली, तीही परातीला हात फिरवून झाल्यावर.

हे घडलं टांडवर. झाशीच्या आमच्या मराठी घरात माळ्याला टांड म्हणतात आणि पातेल्याला भगोनं. भाषेत एवढी अदलाबदल झाली, भांड्यांत मात्र नुसती भर पडली. स्वयंपाकघर ८ फूट बाय ६. त्यात ओटा, सिलिंडर, फ्रिज, मी. दुसरी परात सिलिंडरच्या मागे उभी असते, तवे ओव्हनमध्ये. ओव्हनमध्ये आजवर केक झालेला नाही, कारण आधी तवे कुठे ठेवायचे हे ठरलेलं नाही.

मध्यंतरी ट्रॉलीवाला आला. लेसरने भिंती मोजल्या, मोबाइलवर रंगीत चित्र दाखवलं. चित्रातल्या स्वयंपाकघरात तीन भांडी आणि एक लिंबू होतं. आमची भांडी किती, केवढी, हे त्याने विचारलं नाही. ट्रॉल्या बसल्या. ताटं मावली, वाट्या मावल्या. कढईचे कान अडले. कान असलेलं आणि दांडा असलेलं भांडं एकात एक बसत नाही, हे उतरंड रचणाऱ्या कुठल्याही आजीने त्याला फुकट सांगितलं असतं.

त्याचा तरी दोष कशाला काढा? छोट्या स्वयंपाकघराची जगप्रसिद्ध आखणी केली ती मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी, १९२६ साली, फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी. साडेसहा चौरस मीटर जागा, मैद्याला, साखरेला, तांदळाला वेगवेगळे खण, एकेक पाऊल मोजून वाचवलेलं. आणि त्याआधी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे बाईंनीच सांगून ठेवलंय. साडेसहा चौरस मीटर म्हणजे सत्तर चौरस फूट. माझं ४८. शिवाय फ्रँकफर्टला धनतेरस नसते.

मुळात जागा कमी पडते हे खोटं आहे. भांडी येतात तीन दारांनी आणि जायला एकही दार नाही. महाराष्ट्रात धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवला, यमासाठी दक्षिणेकडे दिवा लावला की सुटका. इथे त्या दिवशी भांडं घ्यायचंच. माणिक चौकाकडे पाय ठेवायला जागा नसते, स्टीलचा ढीग निम्म्या रस्त्यावर आलेला असतो. आम्ही दिवाही लावतो आणि भांडंही घेतो. एक दार रुखवताचं, एक धनतेरसचं. भांड्यांच्या बाबतीत आमचं घर कधीपासूनच डबल इंजिनाचं आहे. तिसरं दार बोहारणीचं. जुन्या साड्या तरी घराबाहेर जाव्यात म्हणून तिला हाक मारली, तर साड्या गेल्या आणि झाकणाचा डबा आला. आमच्या घरातून काही बाहेर जायचं ठरलंच तर ते भांडं होऊन परत येतं.

बरं, वाटून टाकावीत, तर प्रत्येकावर नाव. टिंबं-टिंबं ठोकून कोरलेलं 'मामाकडून सप्रेम'. मामा जाऊन तीस वर्षं झाली, त्याचा गंज ओट्याखाली तसाच आहे. त्यात काही शिजत नाही, दुसरे दोन गंज मावतात फक्त. नाव घातलेलं भांडं मोडीत घालायचं म्हणजे त्या माणसालाच मोडीत काढल्यासारखं होतं म्हणे.

एकदा मी नेट लावून म्हटलं, "आई, निम्मी भांडी काढून टाकू या." सासूबाईंनी गोडसे भटजी काढले. १८५८च्या एप्रिलात इंग्रजांची फौज झाशीत शिरली तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे इथेच अडकले होते. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी लुटीच्या पाळ्याच सांगितल्या आहेत. आधी सोनं-नाणं, ते आटोपल्यावर पुढच्या पाळीला तांब्या-पितळेची भांडी. शहरभर माणसं मरून पडली होती, विनोदाची ही जागा नव्हे. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गोऱ्यांनी नेली तेवढी पुरेत." यावर काय बोलणार? मी परात सिलिंडरमागे ठेवून दिली.

माझ्या माहेरी भिंतीवर मांडणी होती. सळयांची, उघडी. ताटं उभी, कप आकड्यांना, निथळलेलं पाणी खाली मोरीत. जे होतं ते डोळ्यांसमोर होतं, म्हणून दुसरी तशीच कढई घ्यायची कुणाला बुद्धी झाली नाही. आता सगळ्याला शटर आलं. त्याने झुरळांना तेवढा एकांत मिळाला.

अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड या पाककलेच्या बाईंनी मांडणीचाच मार्ग धरला होता. भोकांची फळी, फळीवर भांडी टांगलेली, आणि कुठलं कुठे हे चुकू नये म्हणून नवऱ्याने प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा फळीवर काढून दिलेली. ते अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काढून देतो की. पण कुठलं भांडं कुठलं, ते तू सांगायचं."

शेवटी एवढंच केलं, की जुन्या ताटाळ्यात सगळी झाकणं उभी केली. एकोणीस निघाली. त्यांतली सात कुठल्याच भांड्याला बसत नाहीत. ती काढून ठेवली होती, सासूबाईंनी परत लावली. "भांडं मिळेल की कधीतरी."

या धनतेरसला निश्चय करून गेले आणि दुकानातली सगळ्यात लहान वस्तू घेतली, एक पळी. दुकानदाराने कोरायचं यंत्र उचललं. "नाम क्या लिखना है?" मी नको म्हणेपर्यंत सासूबाईंनी माझं नाव सांगून टाकलं होतं.

सध्या ती पळी कुकरच्या डब्यात आहे, डबा भगोन्यात, भगोनं मामाच्या गंजात आणि गंज ओट्याखाली. आमटी जुन्याच पळीने वाढतोय.