मागनं वाच!

अण्णा तुम्हाला माहीत आहेत. तुमच्याकडे त्यांना नाना म्हणत असतील, नाहीतर बापू, पण न बोलावता आपल्या मोबाइलमध्ये डोकावणारा, "हे कशाला दाबलंस?" असं विचारणारा आणि उत्तर ऐकायच्या आत मोबाइलच हातातून काढून घेणारा एक गृहस्थ प्रत्येक पेठेत असतोच. साताऱ्यात शनिवार पेठेत आमच्या वाट्याला अण्णा आले आहेत.

गेल्या लग्नसराईत शेजारची मंडळी पत्रिका घेऊन आली. माणूस पत्रिका वाचतो ती गणपतीपासून. अण्णांनी थेट तळाची ओळ गाठली आणि कपाळाला आठी घातली.

"पिनकोडात शेवटचा आकडा चुकलाय. ही पत्रिका आली कुठनं?"

"अण्णा, आम्हीच आणलीय. समोर उभे आहोत की तुमच्या."

"ते दिसतंय मला. पण पत्ता जुळत नाही."

लग्नाला ते गेले, अक्षता टाकल्या, जेवले. पण मांडवात शिरण्याआधी कार्यालयाची पाटी त्यांनी वाचलीच. मागनं.

अण्णांची अख्खी नोकरी मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत गेली. रात्रपाळी, पोत्यातून ओतलेला टपालाचा ढीग आणि समोर खणांची भिंत. सॉर्टर पाकिटावरचं नाव वाचत नाही. तो तळाशी बघतो: पिनकोड, मग पोस्ट, मग गाव. नाव, घर नंबर, 'मारुतीच्या देवळामागे' हा सगळा पोस्टमनचा प्रांत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून, हे अण्णा एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगतात. पहिला आकडा ४ म्हणजे आपला विभाग, इथून सुरुवात होते आणि त्या बिचाऱ्याचं कराड येईपर्यंत संपत नाही.

तर असा माणूस निवृत्त झाला, पण वाचायची सवय काही निवृत्त झाली नाही. पेपर शेवटच्या पानापासून. हॉटेलातलं कार्डही खालून, त्यामुळे त्यांची ऑर्डर नेहमी पाण्याच्या बाटलीने सुरू होते. सांगलीला लेकीकडे गेले की जावई नाटकाला नेतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावात अण्णा तिकीट फाडणाऱ्याला विचारतात, "शेवट काय आहे हो?" जावई तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणाबरोबर आल्यासारखा उभा राहतो.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. पण २०२० च्या टाळेबंदीत सांगलीचा नातू साताऱ्यात अडकला, त्याच्या पब्जी या मोबाइल गेमच्या स्क्वाडात चौथा भिडू कमी पडला, आणि त्या पोराने अण्णांना भरती केलं. सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली, पुढच्या वर्षी जुलैत त्याच गेमचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, नातू सांगलीला परत गेला. अण्णांची आयडी मात्र राहिली. ते खेळतात म्हणजे काय, तर गवतात पडून राहतात. गोळी फारशी झाडत नाहीत. घरात शिरले की पडलेल्या सामानाची वर्गवारी करतात. बंदूक घेतात ती एम ४१६, कारण सांगलीचा पिनकोड ४१६४१६. "अर्धा पत्ता बंदुकीवरच आहे," असं म्हणतात, आणि तो उरलेला अर्धा शोधत असताना मागून कुणीतरी येऊन त्यांना मारून जातं.

पण आयडी जपतात ती बँकेच्या खात्यापेक्षा जास्त. पासवर्ड टाकताना डोक्यावरून टॉवेल घेतात. काकूंना पहिले कितीतरी दिवस ते वाफ घेताहेत असंच वाटत होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं तेव्हा गूगलने दहा बॅकअप कोड दिले. ते अण्णांनी इनलँडवर सुवाच्य अक्षरात उतरवले आणि सांगलीहून आणलेल्या हळदीच्या डब्यात दडवले. कोड पिवळे झालेत, पण आहेत.

पेठेतली पोरं आधी हसायची. मग एकेकाची आयडी जायला लागली. पद्धत ठरलेली. टेलिग्रामवर किंवा यूट्यूबच्या कमेंटमध्ये लिंक येते: फुकट यूसी (गेममधले पैसे), फुकट स्किन, आज रात्री बारापर्यंतच. दाबलं की हुबेहूब गेमचं पान उघडतं. तेच रंग, तोच शिरस्त्राणवाला सैनिक. खाली बटण: फेसबुकने लॉगिन करा. पोरगं पासवर्ड टाकतं, पान गोल गोल फिरत राहतं, आणि तेवढ्यात पलीकडचा माणूस तोच पासवर्ड खऱ्या ठिकाणी टाकून आत गेलेला असतो. ईमेल बदलतो, नंबर बदलतो, आयडी विकून मोकळा.

अशी एक लिंक घेऊन एक पोरगं कट्ट्यावर आलं. "अण्णा, ही खरी आहे. बघा, सुरुवातीलाच बीजीएमआय डॉट कॉम लिहिलंय."

"सुरुवात कुणी विचारली तुला? मागनं वाच!"

मग त्या दिवशी कट्ट्यावर शिकवणी झाली. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या. त्यापुढची पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबायचं आणि तिथून मागे यायचं. पोराच्या लिंकमध्ये मागून आधी निघालं 'एक्सवायझेड', मग 'फ्री-यूसी-गिफ्ट', आणि त्याच्याही मागे ते बीजीएमआय डॉट कॉम. "हे 'फ्री-यूसी-गिफ्ट डॉट एक्सवायझेड' हे गाव. टपाल तिथं जाणार. त्याच्या डावीकडं काहीही लिहिता येतं. पाकिटावर 'मुक्काम राष्ट्रपती भवन' लिहून खाली पिन चिंचणेरचा टाकला, तर पत्र कुठं जाईल?"

"पण अण्णा, वर कुलूप दिसतंय की!"

"कुलूप चोराच्या घरालाही असतं."

हे वाक्य बरं होतं, हे मान्य करायला हवं. कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत तुमचा पासवर्ड कुणी वाचणार नाही. ज्याच्या हातात तो पोचणार तो साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही.

पासवर्डच्या बाबतीत तर अण्णांनी पेठेची अब्रूच काढली. साताऱ्यात निम्म्या पोरांचा पासवर्ड गाडीचा नंबर, एमएच अकरा आणि पुढचं. सांगलीला नातवाच्या मित्रांत चौकशी केली, तिथे एमएच दहा. "म्हणजे तुमचा पासवर्ड पाटीवर रंगवून पोवई नाक्यावरनं हिंडतोय, आणि वर तुम्ही सायलेन्सर काढून सगळ्यांना वळून बघायला लावताय!" त्यात तोच पासवर्ड गेमला, तोच ईमेलला, तोच इन्स्टाला. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली होती आणि ते नेटवर्क २३ दिवस बंद होतं. तिथे खेळणाऱ्यांची काही चूक नव्हती. पण ज्यांनी एकच पासवर्ड दहा ठिकाणी लावला होता त्यांना दहा ठिकाणी घोर लागला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने तर २०१५ च्या डिसेंबरात स्वतःच सांगितलं, की महिन्याला सुमारे ७७,००० खाती पळवली जातात. अण्णांना हे दोन्ही आकडे पाठ आहेत. ७७ दोनदा का आलं, यावर त्यांचा अजून विचार चालू आहे.

त्यांच्या सहनशक्तीचा कडेलोट मात्र गेमच्या लिंकने केला नाही. एक दिवस त्यांना टपाल खात्याच्या नावाने मेसेज आला: तुमचं पार्सल आलं आहे, पत्ता अपूर्ण असल्याने पोचवता येत नाही, बारा तासांत लिंकवर पत्ता पूर्ण करा. देशभर फिरलेली ही थाप. सरकारच्या पीआयबीलाही ती खोटी असल्याचं जाहीर करावं लागलं. पण ती नेमकी अण्णांना! लिंक मागनं वाचायचंही भान त्यांना राहिलं नाही. "अपूर्ण पत्ता? 'बंडूची आई, विहिरीजवळ, आष्टा' एवढ्यावर पत्रं पोचवलीत आम्ही! टपाल खातं पत्त्यासाठी अडतं?" फसवणुकीपेक्षा खात्याची बदनामी त्यांना जास्त लागली. तो मेसेज त्यांनी राजवाड्यावरच्या चहावाल्यापासून गोलबागेतल्या बाकांपर्यंत सगळ्यांना दाखवला. दोघांनी तो पुढे पाठवायला मागितला, म्हणजे खबरदारी म्हणून. अण्णांनी नकार दिला. "तुम्ही पुढं पाठवाल, आणि चौथा माणूस दाबंल."

मित्राला 'रँक पुश करायला' आयडी देणारी पोरं ही त्यांची आणखी एक डोकेदुखी. दोस्ती असते तोवर आयडी दोघांची, भांडण झालं की ज्याने आधी पासवर्ड बदलला त्याची. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे अण्णा अशा आवाजात सांगतात की पोरं आपल्याच मोबाइलला हात लावायला कचरतात.

इतका वेळ मी अण्णांना वैतागलेलो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वैताग खराच आहे. पण एक गोष्ट सांगायला लागेल.

पेठेतल्या एका दहावीच्या पोराची आयडी गेली. घरी कसं सांगणार? वर्षभर बोलणी खात, खाऊचे पैसे टॉप-अपला घालून उभी केलेली आयडी. त्याने चोरालाच मेसेज केला, दादा, परत द्या. दादा म्हणाले, दोन हजार पाठव. पोराने आईच्या मोबाइलवरून पाठवले. आईचा पिन त्याला ठाऊक होता. त्याचंच जन्मसाल होतं ते. दादांनी आणखी तीन मागितले. तेव्हा रात्री उशिरा ते पोर अण्णांच्या दारात उभं राहिलं.

आता ऐकावं लागणार, म्हणून तेही तयारीने आलं होतं. अण्णांनी चष्मा लावला, कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "किती वाजता पाठवलेस?" मग वेळ, रक्कम, व्यवहाराचा नंबर, चोराचा यूपीआय आयडी, एकाखाली एक. "मागनं वाच" नाही, "सांगितलं होतं" नाही. काकूंनी दूध दिलं. पोराच्या आईला बोलावून आणलं आणि तिच्याकडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तो लागेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा लावला. बँकेला कळवलं, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोराच्या ईमेलचा पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट केलं. आई हात उगारायला गेली तेव्हा अण्णा म्हणाले, "चुकीच्या पोत्यात पडलेलं पत्र सॉर्टरला मारून परत येत नाही. गाडी पुढच्या स्टेशनात पोचायच्या आत निरोप धाडायचा असतो."

निरोप थोडा उशिरा पोचला. आयडी गेली ती गेलीच. पोरगं मात्र त्यानंतर रोज संध्याकाळी अण्णांकडे येतं. टॉप-अपच्या पावत्या कशा जपायच्या ते शिकतं, कारण खातं आपलंच होतं हे गेमच्या कंपनीला पटवायचं तर हातात पुरावा लागतो. अण्णा त्याला पोच म्हणतात.

२०२५ साली ज्या दिवशी रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, त्या दिवशी अण्णा कट्ट्यावर आले नाहीत. रात्री गेममध्ये होते, असं पोरांनी सांगितलं. नेहमीसारखे गवतात पडलेले. नातू आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, खेळत नाही. अण्णांच्या यादीत त्याचं नाव अजून आहे, शेजारी ऑफलाइन लिहिलेलं. ती आयडी इतकी का जपता, असं त्यांना कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी. तुमच्याकडे अण्णा असतीलच, पण ते रात्री जागे असतील याचा भरवसा धरू नका. घरातलं पोर खेळत असेल तर गेमचा आणि ईमेलचा पासवर्ड वेगवेगळा करून घ्या, टू-स्टेप चालू करा, आणि यूपीआयचा पिन लेकराचं जन्मसाल असेल तर तो आधी बदला. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३०. आणि आयडी गेली म्हणून पोराला बदडू नका. बदडलेलं पोर पुढच्या वेळी मदत मागायला चोराकडेच जातं.