बिनसपोर्टचा पैलवान

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेशिवाय दुसरं काही सुचत नाही. पण न्हावरे-चौफुला रस्त्याने या टोकाहून त्या टोकाला गेलात, तर दोन्हीकडच्या जिममध्ये एक नमुना हमखास भेटतो. कोपऱ्यातल्या रॅकमध्ये तो एकटाच असतो. कानात हेडफोन नसतो, अंगात फाटका बनियन असतो आणि रॉडला हात लावण्याआधी तो दहा मिनिटं नुसता खिळ्या-भोकांशी खेळत बसतो. पोरं त्याला 'पैलवान' म्हणतात. तो मात्र पॉवरलिफ्टर आहे आणि हे त्याने प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगितलेलं आहे. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, असे तीन प्रकार. प्रत्येकाचे तीन प्रयत्न. तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे टोटल. ऐकणारा 'बरं' म्हणतो आणि पुन्हा विचारतो, "मग पैलवान, दंड किती इंची?"

त्याला व्यायामाचा जोडीदार नाही याचं कारण स्वभावात शोधू नये, या मुलखात शोधावं. तो शिरूरचा असेल, तर तो आणि जोडीदार दोघेही रांजणगाव एमआयडीसीत असतात. याची फर्स्ट शिफ्ट तेव्हा त्याची सेकंड, याची सेकंड तेव्हा त्याची नाइट. दोघांची भेट होते ती कंपनीच्या गेटवर, एक बसमधून उतरताना आणि दुसरा चढताना. तो दौंडचा असेल, तर जोडीदार राज्य राखीव पोलीस दलातला. गट क्रमांक ५ आणि ७ दौंडलाच आहेत, त्यामुळे गावात भक्कम मांड्यांचा तुटवडा नाही. पण गणपती आले, निवडणूक लागली, की त्या सगळ्या मांड्या बंदोबस्ताला जातात. रेल्वेतला जोडीदार धरावा, तर त्याची ड्यूटी मध्यरात्री निघते. राहिलेल्या एकाचं लग्न झालं. त्याच्याविषयी पैलवान बोलत नाही.

जिममध्ये इतर माणसं असतात. त्यांच्यातल्या कोणाला हाक मारून 'जरा सपोर्ट दे रे' म्हणायला काय हरकत, असं आपल्याला वाटतं. पैलवानाने ते करून पाहिलेलं आहे. गावजिमचा सपोर्ट देणारा दोन जातींचा असतो. पहिला रॉड खाली यायच्या आधीच दोन्ही हातांनी वर ओढायला लागतो आणि वर ओरडतो, "नुसतं बोट लावलंय भाऊ, सगळं तूच मारतोयस!" दुसरा डोक्याशी उभा राहून मोबाइल बघतो. पहिल्याने इज्जत जाते, दुसऱ्याने जीव जाऊ शकतो. स्पर्धेत तर चालू प्रयत्नात मदतनिसाचा हात रॉडला लागला की उचल बाद. त्यामुळे पहिल्या जातीच्या मदतीने मारलेला सेट पैलवान वहीत लिहीत नाही, आणि दुसऱ्या जातीला तो जवळ उभं करत नाही.

म्हणून त्याने माणसांचा नाद सोडला आणि लोखंडावर भरवसा ठेवला. रॅकला आडव्या सेफ्टी पिना असतात. बहुतेक पोरं त्यांच्यावर टॉवेल वाळत घालतात. पैलवान मोकळा रॉड खांद्यावर घेऊन पूर्ण खाली बसतो, रॉड कुठवर येतो ते बघतो आणि पिना त्याच्या बोटभर खाली लावतो. उठता आलं नाही, तर आणखी जरा बसायचं आणि रॉड पिनांवर ठेवून खालून निघून यायचं. बेंचचं गणित याहून नाजूक. छाती फुगवून, पाठीला कमान देऊन आडवं झालं की रॉड छातीला टेकला पाहिजे. कमान सोडली, अंग सपाट केलं, की तोच रॉड पिनांवर बसला पाहिजे आणि गळ्याच्या वरच राहिला पाहिजे. एवढं एक भोक शोधायला तो जेवढा वेळ घालवतो, तेवढ्यात शेजारच्या पोराची चेस्ट आणि बायसेप दोन्ही मारून होतात.

स्पर्धेला जागा, पंच, माणसं सगळं ठरलेलं असतं. इथे सगळी पदं याच्याकडेच. बेंचवर पडल्या पडल्या तो स्वतःलाच मोठ्याने हुकूम देतो, "स्टार्ट... प्रेस... रॅक!" स्क्वॉट पुरेसा खोल गेला की नाही हे बघायला बाजूला, कमरेच्या उंचीवर, पाण्याच्या कॅनवर मोबाइल उभा केलेला असतो. सेट झाला की तो व्हिडिओ बघतो आणि खेळाडूची बाजू ऐकून न घेता स्वतःलाच लाल दिवा देतो. तीन पंचांत दोघांनी पांढरा दिवा दिला तर उचल मान्य होते. या एकट्या पंचाने पांढरा दिवा दिल्याचं सहसा कोणी पाहिलेलं नाही.

१९७२ म्हटलं की या दोन्ही तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांना दुष्काळ आठवतो. याला आठवतं ते हे, की त्या वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. महासंघाच्या नियमाप्रमाणे मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच मदतनीस लागतात. हे तो फार करुण चेहऱ्याने सांगतो. पाच माणसं! त्याच्या गावात पाच माणसं एका वेळी मोकळी सापडतात ती फक्त पारावर, आणि त्यांना वाकता येत नाही.

आपली ताकद किती हेही तो एकट्याने कमाल वजन उचलून बघत नाही, वहीत मांडतो. १०० किलो पाच वेळा नीट उचलले, तर पाचाला तिसाने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि शंभराने गुणायचं. उत्तर ११६ किलो आणि वर थोडं. शंभरावरच थांबायचं, अंगात आणखी दोन उचली शिल्लक असतानाच रॉड ठेवायचा, आणि ११६ ची हौस जोडीदार बंदोबस्तावरून परत येईल त्या दिवसासाठी राखून ठेवायची. पोरं याला 'भितो' म्हणतात. तो वही मिटतो.

घरी मात्र त्याची ताकद कोणाच्या कामाची नाही. ट्रॉलीतून युरिया आला की आई म्हणते, "आरं, चार गोण्या घे की आत." गोणी फक्त ४५ किलोची. पण पैलवान उत्तर देतो, "आज नको, काल डेडलिफ्ट झालाय, कंबर सावरायला वेळ लागतो." आई गोणीकडे बघते, त्याच्याकडे बघते आणि शेजारच्या वाळलेल्या गड्याला हाक मारते. तो गडी आयुष्यात कधी जिममध्ये गेलेला नाही. तो चारही गोण्या बिडी न विझवता आत नेतो.

एकदाच त्याची सगळी तयारी उपयोगी पडली. रॅक रिकामा नव्हता, म्हणून तो साध्या बेंचवर पडला. तिथे पिना नसतात. अशा वेळी रॉडच्या टोकांना लॉक लावायचं नाही, हा त्याचा कायदा. अंगठा रॉडभोवती पूर्ण वळलेला पाहिजे, हा दुसरा. शेवटच्या उचलीला रॉड छातीवर बसला आणि हलेना. त्याने ओरडाआरडा केला नाही. रॉड डावीकडे कलवला. डाव्या प्लेटा घरंगळल्या, हलकी झालेली डावी बाजू उसळली आणि उजव्या प्लेटाही खाली आल्या. पत्र्याच्या शेडमध्ये असा आवाज झाला की दारातलं कुत्रं थेट रस्त्यापलीकडे गेलं. सगळे धावत आले. पैलवान उठून बसला आणि फुटलेल्या फरशीकडे बघून म्हणाला, "फरशीचे पैसे देतो." जिमवाल्याने ते घेतले.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानात बिकानेरला सतरा वर्षांची एक पॉवरलिफ्टर मुलगी २७० किलोच्या रॉडखाली सापडून गेली. तेव्हा तिचा प्रशिक्षक शेजारीच होता. जोडीदार असला म्हणजे जीव सांभाळला गेला, हा समज खोटा आहे. एवढं वजन कोसळायला लागलं की माणसाचे हात पुरत नाहीत. जिममध्ये भिंतीवर मारुतीचा फोटो असतो. पैलवान त्याला रोज नमस्कार करतो, पण सपोर्टला धरत नाही. द्रोणागिरी एकट्याने उचलणाऱ्याला पिनांची गरज नव्हती, आपल्याला आहे, एवढा हिशेब त्याला पक्का ठाऊक आहे.

तेव्हा शिरूरच्या किंवा दौंडच्या जिममध्ये असा कोणी स्वतःलाच हुकूम देत आडवा पडलेला दिसला, तर खुशाल हसा. फक्त स्वतः बेंचवर पडण्याआधी पिन कुठल्या भोकात लावायची, ते त्याला विचारून घ्या. तो दहा मिनिटं सांगेल. दहाही मिनिटं ऐका.