नाना आणि दोन चाकू

शहाद्याचे नाना मोठे निर्णय चुटकीसरशी घेतात. मुलीचं स्थळ त्यांनी एका चहात पक्कं केलं. पपईचं वावर बटाईनं दिलं ते एसटीच्या खिडकीतून, गाडी सुटता सुटता. पण समोर दोन सारख्या वस्तू आल्या की नाना संपले. फरक शंभर रुपयांचा असेल तर ते स्वस्तातली उचलून मोकळे होतात. फरक दहाचा असला की मात्र त्या दहा रुपयांत काय दडलंय, हे शोधण्यात त्यांचा दिवस जातो.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत नानांना घडीचा चाकू घ्यायचा होता. कशाला? तर पेरू कापायला. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं आणि आम्ही घोडेबाजाराच्या कडेच्या पालाशी थांबलो. दुकानदारानं दोन चाकू पुढे केले. पाती बोटभर लांबीची, मुठी लाकडी, पितळी रिबिटा सारख्याच. एक स्टेनलेसचा, दुसरा साध्या पोलादाचा. स्टेनलेसला दहा रुपये जास्त.

स्टेनलेस सहसा गंजत नाही. साधं पोलाद पेरूच्या रसानंही काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर गंजतं, पण दगडावर चार हात मारले की लखलखीत धार घेतं. एवढाच मामला. पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतील ते नाना कसले! त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. (ते त्यांच्या खिशात का असतं, हे काकूंनाही माहीत नाही.) चुंबक दोन्ही पात्यांना चिकटलं.

"बघ! स्टेनलेस म्हणून पोलादच विकतोय!"

मी म्हणालो, "नाना, पात्याचं स्टेनलेस चिकटतंच. चिकटत नाही ते चांगल्या ताटवाट्यांचं. त्यात निकेल असतं."

नानांचा चेहरा खुलला. शंका फिटल्यामुळे नव्हे, नवी मिळाली म्हणून. "मग यात निकेल का नाही घातलं?"

शेजारी एका घोड्याचा सौदा चालला होता. गिऱ्हाइकानं दात पाहून वय ताडलं, अंगावरचे भोवरे तपासले, चार पावलं चालवून बघितलं आणि विसार दिला. जनावर लाखाच्या पुढचं होतं. तोवर नाना स्टेनलेसच्या पात्यावरच्या नखाच्या खाचेपाशी पोचले होते. मग त्यांनी दोन्ही चाकू कानाशी धरून उघडमीट केली. एकाचा खटका 'टक्' वाजतो आणि दुसऱ्याचा 'टक', असं त्यांचं मत पडलं. दुकानदार तंबाखू मळत म्हणाला, "नाना, दोन्ही एकच शे."

नानांना सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच वाक्य.

नानांची बाजूही सांगायला हवी. फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यानं 1890 च्या सुमारास असाच लाकडी मुठीचा, साधा घडीचा चाकू घडवला. तो आजही मिळतो, आणि साधं पोलाद की स्टेनलेस हा पर्याय तिथंही आहेच. म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशीही कुणी नाना चाकू कानाशी धरून उभे असणार, आणि त्यांच्याही सोबत ताटकळणारा एखादा पुतण्या असणार.

तेवढ्यात धडगावकडचा एक पोरगा आला. त्यानं पोलादाचा चाकू उचलला, अंगठ्यावर धार बघितली, पैसे टाकले आणि निघाला. नाना गारठले. दुकानदारानं पोत्यातून तसाच दुसरा काढून ठेवला, पण नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. "त्यानं तोच का घेतला? काहीतरी दिसलं असणार त्याला." असं म्हणत नाना गर्दीत घुसले. मागोमाग मीही. पाळण्यांच्या पलीकडे, उसाच्या गुऱ्हाळाशी पोराला गाठलं.

"बेटा, खरं सांग. तोच का घेतलास?"

पोरगा गांगरला. हातातल्या चाकूकडे बघून म्हणाला, "काका, तो जवळ होता."

नाना थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग माझा दंड धरून बाजूला नेलं आणि हळूच म्हणाले, "हुशार आहे. सांगत नाही."