गॅस संपला म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, कुंपणाजवळ. मोठ्याने बोलायची सोय नाही, वकीलसाहेब गच्चीवर कूलरमध्ये पाणी भरताहेत... त्यांच्या गाडीचा एसी अखेर दुरुस्त झाला! हो, तोच. तीन उन्हाळे ज्याने आख्ख्या गल्लीला विषय पुरवला. आणि कुणी करून आणला? साहेबांनी नव्हे हो. वकीलीणबाईंनी! ड्रायव्हिंग सीटवर स्वतः बसून आर्णी रोडला गेल्या आणि अर्धा दिवस स्टुलावर बसून सगळं डोळ्यांदेखत करून घेतलं. साहेब मागाहून रिक्षाने पोचले म्हणे. रिक्षाने! वकीलसाहेब!

तुम्हाला ठाऊकच आहे सगळं. अक्षय्य तृतीया जवळ आली की साहेब गाडी घेऊन जायचे आणि संध्याकाळी फाटकातूनच ओरडायचे, "गॅस संपला होता, टाकून आणला." वर मेकॅनिकला सांगायचे, "थोडा जास्तच टाक रे, आपल्याकडचा उन्हाळा आहे." पंधरा-वीस दिवस गाडी अशी गार, की काचा बंद करून दत्त चौकातून उगाच एक फेरी. मग ऐन मेमध्ये, पारा पंचेचाळीसला टेकला की काचा हळूच खाली. आपण विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. असं चाललं होतं बाप्पा.

पण यंदा विहीणबाई आल्या ना पुण्याहून! तिथेच सगळं फिसकटलं.

नागपूरला लग्न होतं, साहेबांच्या पुतण्याचं. विहीणबाई आदल्या दिवशी यवतमाळला उतरलेल्या. उतरल्या-उतरल्या पहिलं वाक्य, "आमच्या पुण्यात रात्री पांघरूण लागतं हो अजून." वकीलीणबाई म्हणाल्या, "आमचंही यवतमाळ साडेचारशे मीटर उंचीवर आहे, वर्ध्यापेक्षा बरं." मी तिथेच होते, पन्हं घ्यायला गेले होते. विहीणबाईंनी कूलरकडे पाहिलं, मग वकीलीणबाईंकडे पाहिलं, आणि पन्ह्याचा घोट घेतला. बस. बोलल्या काहीच नाहीत. न बोलण्यातच सगळं आलं.

तर काय सांगत होते... हं. दुसऱ्या दिवशी निघाले. पुढे साहेब आणि व्याही, मागे दोघी विहिणी, पैठण्या नेसून. कळंबपर्यंत एसी बरा चालला. साहेब खुशीत. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबले, गाडी उन्हात. आता ते देऊळ तुम्हाला माहीतच आहे, पायऱ्या उतरून खाली जायचं, आत कसं थंडगार. दर्शन झाल्यावर विहीणबाई उठेचनात! म्हणाल्या, "इथेच बसू या ना थोडं, तुमच्या गाडीपेक्षा गार आहे." देवासमोर बोलल्या हो! साहेबांच्या हातातला प्रसाद तसाच राहिला म्हणे.

आणि परत गाडीत बसले तर भट्टी. साहेबांनी काय करावं? सगळ्या काचा बंद, एसी फुल्ल! आतली तापलेली हवा आतच गरगरतेय. आधी काचा उघडाव्यात, गाडी दोन मिनिटं पळवून ती हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतली हवा फिरवायचं ते बटण दाबावं. पण बोलणार कोण? गाडीत साहेबांपुढे बोलायचं म्हणजे कोर्टात बोलण्यासारखं. देवळीपुढे रस्ता मोकळा लागला तर थोडं गार व्हायला लागलं. "बघा, आला की नाही!" साहेब म्हणाले. तोवर बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेत अडकले. गाडी उभी, एसी गरम. रांग हलली की थोडं गार, थांबली की परत गरम. व्याह्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. विहीणबाईंनी पर्समधून लग्नपत्रिका काढली आणि वारा घ्यायला लागल्या. आपल्याच पुतण्याची पत्रिका! वकीलीणबाई भिशीत सांगताना अजून लाल होतात.

आणि मग ते वाक्य आलं. विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे हो, सवय असते तुमच्याकडे सगळ्यांना." सवय!

त्या रात्री हॉलवर वकीलीणबाई जेवल्या नाहीत नीट. साहेबांचं मात्र एकच, "गॅस संपला असेल. परत टाकू." तर बाई म्हणाल्या, "दर वर्षी संपतो तो जातो कुठे?" अहो, तीन वर्षांत हा प्रश्न गल्लीत एकालाही पडला नव्हता. आपल्याला तरी पडला होता का?

नवतपा लागला, साहेब कोर्टात, आणि बाईंनी किल्ली उचलली. आर्णी रोडचा तो मेकॅनिक, वयस्क आहे, बोलतो कमी. बाईंनी सांगितलं, "गॅस भरायचाय." तो म्हणाला, "बाई, गॅस काही पेट्रोल नाही, जाळला अन् संपला. तो तं आतल्या आतच फिरून राहते. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळून राहिला. आधी ते पाहू, मग भरू." बाई म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, घरात इतकं सरळ उत्तर ऐकलं नव्हतं.

त्याने बॉनेट उघडलं. आत एक स्टिकर असतं, कंपनीचंच, कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं. आपण कधी वाचलंय? मशीन लावून त्याने आत उरलेला गॅस काढला, तोलला. निम्मासुद्धा निघाला नाही. मग नायट्रोजनचा दाब भरला आणि साबणाचा फेस घेऊन ब्रशने एकेक जोड माखत बसला. आणि पुढच्या जाळीपाशी, तिला कंडेन्सर म्हणतात, रेडिएटरच्याही पुढे असतो तो, तिथे पाइप जिथे जोडतो त्या कोपऱ्यात फेसाला बुडबुडे! भोवती काळपट तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं ना, गळताना तेही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते.

आता ऐका हं, खरी गंमत इथे आहे. तो डाग बघताच बाईंना काय आठवलं? आपल्याकडे सकाळी गाड्या पुसायला येतो तो पोरगा! गेल्या दिवाळीआधी त्याने साहेबांना सांगितलं होतं, "साहेब, समोर जाळीवर तेल लागून राहिलं." मी स्वतः ऐकलंय, तुळशीला पाणी घालत होते. साहेब काय म्हणाले? "तू गाडी पूस. इंजिनिअर होऊ नकोस." बिचारा गप झाला. आणि साहेब रिक्षातून उतरले, तेव्हा मेकॅनिक नेमका त्या डागावर बोट ठेवून उभा. बाई एवढंच म्हणाल्या, "हेच तो पोरगा म्हणत होता." बस्स. साहेबांचा चेहरा... अहो, हायकोर्टात अपील फेटाळलं तेव्हासुद्धा एवढा पडला नव्हता!

दोष कशाचा निघाला? रबराची एवढीशी रिंग. वाळून कडक झालेली. मेकॅनिकने विचारलं, "हिवाळ्यात एसी लावता का?" साहेब म्हणाले, "हिवाळ्यात कशाला? अ‍ॅव्हरेज पडतं." तर म्हणे तिथेच चुकतं. आठवड्यातून दहा मिनिटं लावायचाच, थंडीतही, म्हणजे तेल फिरतं आणि सील ओले राहतात. साहेब दिवाळीनंतर जे बटण बंद करायचे ते थेट मार्चअखेर. पेट्रोल वाचवलं आणि दर वर्षी गॅसला दीड-दोन हजार घातले. हिशेब तुम्हीच करा.

आणि जाळीत काय निघालं असेल? कापूस! खरंच, कापसाची रोवं. साहेबांकडे जिनिंगवाल्यांच्या केसेस, हंगामात गाडी सारखी त्यांच्या आवारात उभी. ती तंतूंची गादीच बसली होती जाळीत, वर धुळीचा थर. आता आतली उष्णता बाहेर टाकायचं काम त्या जाळीचं. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो, उभी राहिली की पंख्यावर भिस्त. वाराच आरपार जाईना तर पंखा काय करणार? म्हणून देवळीला गार आणि बुटीबोरीला गरम. मेकॅनिकने साध्या पाण्याने, हळू धारेने धुतली. जोराचा फवारा मारला तर पत्र्याची ती नाजूक पानं वाकतात म्हणे. रिंग बदलली, तेल टाकलं, अर्धा तास व्हॅक्यूम लावून आतली हवा आणि दमट ओल खेचून काढली, आणि मग स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस, तोलून. साहेब सवयीने म्हणाले, "थोडा जास्तच..." तो म्हणाला, "जास्त टाकला तं गार नाही होत साहेब, दाब वाढून कॉम्प्रेसर बसते." साहेब परत गप.

आधीच्या ठिकाणी हे काहीच करत नव्हते हो! नळी लावली, भरला, पैसे. व्हॅक्यूम नाही, वजन नाही. नाव नाही घेत मी, आपल्याला काय करायचंय.

तर भिशीत हे सगळं ऐकून जो तो आपापल्या गाडीचं सांगायला लागला. मास्तरीणबाईंच्या गाडीत पायाखालची मॅट ओली व्हायची, त्यांनी महिनाभर नातवावर संशय घेतला! वॉटरबॅग सांडतोस, म्हणून रागावल्या त्या पोराला. निघालं काय, एसीचं पाणी बाहेर टाकणारी बारकी नळी तुंबलेली. बिचाऱ्याला आइस्क्रीम द्यावं लागलं. उभ्या गाडीखाली पाणी ठिबकतं ना, ते चांगलं लक्षण, घाबरायचं नाही. आत ठिबकलं तर मात्र दाखवायचं. आणि डॉक्टरीणबाईंच्या गाडीत घाण वास यायचा, त्यांनी तीन परफ्यूमच्या बाटल्या अडकवल्या. केबिन फिल्टर काढला तर त्यात उंदराने... जाऊ दे, तुमचं जेवण व्हायचंय.

जिनिंगवाल्या शेठाणी मात्र नाकाने बोलल्या, "आमच्या काँटेसाचा एसी असा होता की शाल लागायची." होती म्हणे आता कुठे, ताडपत्रीखाली उभी आहे! जुना आर-१२ गॅस लागतो तिला. माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे, ती पटकन म्हणाली, "काकू, तो गॅस ओझोनला भोकं पाडायचा. १९८७ साली माँट्रियलला करार झाला, २०१० पासून आपल्याकडे बंदच." शेठाणींना वाटलं, पोरगी काँटेसालाच नावं ठेवतेय. मग पोरगी वकीलीणबाईंकडे वळली. "आणि तुमच्यातला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट!" म्हणजे तीन वर्षं साहेबांचा गॅस आपल्याच गल्लीत उडत होता. मी म्हटलं, तरीच यंदा कूलर पुरेना! सगळ्या हसल्या. वकीलीणबाई सोडून.

आणखी एक जण हसली नाही, पण रागावलीही नाही. त्या कोपऱ्यावरच्या वहिनी, ज्यांचे ते वणीहून कोळशाचा ट्रक चालवतात. हळूच म्हणाल्या, "आमचे तर ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून चंद्रपूरला जाऊन येतात." सगळ्या एकदम शांत. तेवढ्यात पुतणी म्हणाली की गडकरींच्या खात्याने २०२३ च्या डिसेंबरातच काढलंय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा. वहिनींनी विचारलं, "जुन्या ट्रकला?" पोरगी म्हणाली, "नाही, नव्यालाच." वहिनींनी मान हलवली आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली. त्यांच्या ह्यांचा ट्रक केव्हाचा, ते तुम्हाला माहीतच आहे. मला तर त्यानंतर विहीणबाईंचं ते 'सवय असते' आठवलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा वकीलीणबाईंच्या बाजूने राग आला.

पुढे? पुढे काय, विहीणबाई परतीला याच गाडीने वर्ध्यापर्यंत गेल्या, रेल्वे पकडायला. एसी असा की त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. वकीलीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "कमी करू का हो? तुम्हाला सवय नसेल." फलाटावरून फोन करून मला सांगितलं त्यांनी हे. दम धरवला नाही बिचारीला!

आणि तो गाडी पुसणारा पोरगा, त्याला साहेबांनी काल शंभराची नोट दिली. कशाबद्दल ते नाही सांगितलं. पोरानेही नाही विचारलं.

बरं, तुमच्या ह्यांची गाडी शनिवारी एसीला जाणार आहे ना? मग तुम्हीही जा बरोबर. 'गॅस संपला' असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, आत किती ग्रॅम निघाला आणि गळती कुठे सापडली. दोन्ही सांगता आलं नाही तर पैसे काढू नका. आणि आल्यावर पहिलं मला येऊन सांगा हं, भिशी पुढच्या मंगळवारी आहे.