जकात नाका, मुक्काम मिशिगन

ॲन आर्बर, मिशिगन
फेब्रुवारी 2026

तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण वहीच्या कागदावर आधी शाईने लिहिलेले, मग धाकट्याकडून त्याचे छायाचित्र काढवून व्हॉट्सॲपवर रवाना केलेले पत्र पावले. जे दोन ओळींत विचारता आले असते ते आपण रीतसर मायना, मजकूर आणि सही यांसह विचारले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले. कारण महापालिकेच्या जकात खात्यात उभी हयात घालविलेला मनुष्य ‘खुलासा करावा’ असे लिहितो तेव्हा ते विनोदाने लिहीत नसतो. नात आमची आणि कुस्ती तिची, मग ती पाहताना मध्येच हात पसरून उभा राहणारा हा इसम कोण, असा आपला सवाल आहे. त्याचा खुलासा येणेप्रमाणे.

येथील कॉलेजांच्या खेळांचा कारभार जिच्या हाती आहे ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन 1906 साली जन्मास आली, आणि तीही फुटबॉलच्या मैदानावर मुले दगावू लागली म्हणून. म्हणजे मूळ हेतू मुलांच्या जिवाचे रक्षण हा होता, तिजोरीचे नव्हे. मुलींच्या कुस्तीस या संस्थेने जानेवारी 2025 मध्ये आपल्या अजिंक्यपदांच्या यादीत 91वे स्थान दिले आणि तिच्या शिक्क्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आता येत्या मार्चात व्हावयाची आहे. आपल्याकडे पहिली महिला महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीस झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. तेव्हा या एका बाबतीत सांगलीने अमेरिकेच्या या बलाढ्य संस्थेस तीन वर्षे मागे टाकले, ही गोष्ट तालमीत वस्तादांना अवश्य सांगावी. आपली नात शिकते ते कॉलेज या संस्थेच्या तिसऱ्या श्रेणीतले आहे. तिसऱ्या श्रेणीत खेळाबद्दल शिष्यवृत्ती देऊ नये असा दंडकच असल्यामुळे तिची फी मी भरतो, बूट मी घेतो, गुडघा मुरगळला तर डॉक्टरांचे बिलही माझ्याच नावावर येते. एवढे सगळे केल्यावर तिची कुस्ती पाहण्याचा हक्क तरी माझ्या पदरी उरेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

या हक्काचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. घरबसल्या खेळ दिसू लागला तर तिकीट काढून मैदानावर कोण येईल, या धास्तीने या संस्थेने 1950 नंतर कित्येक वर्षे दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवावयाचे यावर कडक निर्बंध घातले होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी फिर्याद गुदरली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली, सात विरुद्ध दोन मतांनी, तो निर्बंध मोडून काढला. विरोधी मत नोंदविणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे तरुणपणी स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज न्यायालयात मैदान पाहिलेल्या माणसासच आला असावा, असे आपले मला वाटते. तेव्हापासून प्रक्षेपणाचा मक्ता ज्याचा त्याने विकावा अशी वहिवाट पडली, आणि भाव चढत चढत असा चढला की, आमचे मिशिगन विद्यापीठ ज्या बिग टेन संघात मोडते त्याने 2022 साली तीन वाहिन्यांशी केलेला सात वर्षांचा करारनामा सात अब्ज डॉलरांच्याही वर गेला. फुटबॉलच्या बाबतीत मला त्याचे नवल नाही. येथील मैदानात 1,07,601 माणसे बसतात, आणि सामन्याच्या शनिवारी मी गाडी घराबाहेर काढत नाही. चाकणला नोकरी केलेल्या मनुष्यास तळेगाव चौकातली कोंडी एका जन्मात एकदा पुरते.

परंतु मक्त्याची गोडी लागली म्हणजे ती फुटबॉलपाशी थांबत नाही. ज्या खेळास आईबाप, प्रशिक्षक आणि पावसापासून आडोसा शोधीत आत शिरलेला एखादा इसम यांवाचून प्रेक्षक नाही, त्याच्याभोवतीही आता कुंपण घातले गेले आहे. यातील व्यापारी तत्त्व फार सूक्ष्म आहे: साऱ्या जगाला जे पाहावेसे वाटते त्याचा खर्च जाहिरातदार उचलतो, आणि जे केवळ आईबापांनाच पाहावेसे वाटते त्याचे पैसे आईबापांकडून घ्यावयाचे, कारण आईबाप कोठे पळून जात नाहीत. महिना बारा-पंधरा डॉलर ही काही घर बुडविणारी रक्कम नव्हे. पण स्थानिक लढती एका कंपनीकडे, विभागीय स्पर्धा दुसरीकडे आणि राष्ट्रीय तिसरीकडे, अशी एकाच मुलीच्या एकाच हंगामाची तीन दप्तरे झाल्यामुळे हिशेब ठेवणे मला अवघड झाले आहे.

आता तिच्या कुस्तीच्या त्या रात्रीविषयी. सौ. लेकीबरोबर स्पर्धेच्या गावी गेली होती. कारखान्यात नव्या साच्याची चाचणी निघाल्यामुळे मला राहावे लागले. येथे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि भोसरीत आपल्या ओसरीवर तालमीतली निम्मी मंडळी जमली आहेत हे ठाऊक असल्याने मी आपल्यासाठीही वेगळे खाते उघडून ठेवले होते. पैसे कापले गेले, पोच आली, आणि मग पडद्यावर फर्मान उमटले की, हे प्रक्षेपण आपल्या देशात उपलब्ध नाही. (कंपनीचे नाव लिहीत नाही, लिहिले तर आपण तिला नोटीस पाठवाल.) निरुपायाने मी माझा मोबाइल डब्यांच्या चवडीला टेकवून लॅपटॉपसमोर उभा केला, आणि चित्राचे चित्र असा तो दुय्यम ऐवज आपणांकडे धाडू लागलो. सभागृहात सहा मॅट, प्रत्येकीवर एक कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे बहुधा कोणी विद्यार्थी, ज्याने तो एकदा रोवला आणि नाश्त्यास निघून गेला. त्यामुळे डावीकडच्या पंचांची पाठ आपण सर्वांनी फार बारकाईने पाहिली.

आपली नात पहिल्या फेरीत दोन गुणांनी मागे होती. वस्ताद फोनवरून ‘पट काढ, एकेरी पट काढ’ म्हणून ओरडत होते, ते मला स्पष्ट ऐकू येत होते. इतक्यात दुसऱ्या फोनवर सौ.ची किंकाळी आली, ‘चितपट! चितपट केली हो!’, आणि पडद्यावर पाहावे तो दोघी मुली अजून एकमेकींच्या माना धरून उभ्या. येथले प्रक्षेपण पाऊण मिनिट उशिरा पोचते, हे ज्ञान मला त्या क्षणी झाले. निकाल आधी आणि कुस्ती मागाहून अशी ही उलटी घटनापरंपरा पाहण्यास आपण सारे सावरून बसलो, तो पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. ते थांबले तेव्हा मॅटवर भलत्याच दोन मुली होत्या. तिने काढलेला एकेरी पट, जो आपण गेल्या मे महिन्यात हौद्यात तिच्याकडून पुन्हापुन्हा घोटवून घेतला होता, तो भोसरीत कोणी पाहिला नाही आणि मीही पाहिला नाही. पुढची कुस्ती ती हरली. ती मात्र अथपासून इतिपर्यंत स्वच्छ दिसली.

आपण आपल्या जकात खात्याची आठवण काढली आहे ती यथार्थ आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका आशियातली श्रीमंत म्हणून मिरवली ती नाक्यावरच्या त्या पावत्यांच्या जोरावर, आणि 1 एप्रिल 2013 रोजी जकात उठली तेव्हा आपण चार दिवस जेवताना बोलला नव्हता. तरी त्या नाक्याला काही रीत होती. माल दिसे, दर फलकावर लिहिलेला असे, पावती मिळे, आणि त्या पैशातून भोसरीच्या रस्त्यावर दिवा लागे. येथे माल माझा, जकात माझ्याकडूनच, आणि भरल्यावरही नाका उघडेलच असे नाही. भोसरीकरांच्या बाबतीत तर वसूल करूनही फाटक लावून घेणारा नाका मी प्रथमच पाहिला.

मला खरे टोचते ते निराळेच आहे. भैरवनाथाच्या उत्सवात फड लागतो तेव्हा गाव वर्गणी काढते, तीतून इनाम ठरते, आणि ते जो जिंकतो त्याच्या हाती हलगीच्या कडकडाटात पडते. पाहणाऱ्यास कोणी अडवीत नाही, उलट पाव्हण्याला पुढे बसवितात. येथे पैसा पाहणाऱ्याकडून निघतो तो मक्तेदाराकडे जातो. गेल्या जुलैपासून मोठ्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंस थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे, परंतु तिसऱ्या श्रेणीतल्या कुस्तीगीर मुलीपर्यंत त्यातला छदामही यावयाचा नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आपण मला इतक्यांदा सांगितली आहे की, कॉलेज म्हणजे खेळाडूसाठी कर्ज काढणारी संस्था अशीच माझी कल्पना होऊन बसली होती. त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक आणले. ते कोणा भोसरीकराने त्या वेळी पाहिले नाही हे खरे, पण न पाहिल्याबद्दल त्याला पैसेही भरावे लागले नाहीत.

आता कामाचे. आपल्या नावच्या खात्याचा परतावा मागण्यासाठी अर्ज केला आहे. तो मिळाल्यास ती रक्कम तालमीच्या मॅटखात्यात जमा करावी, न मिळाल्यास वस्तादांपाशी विषय काढू नये. नात मे महिन्यात येते आहे. तिचा गुडघा अजून थोडा दुखतो, तेव्हा पहिला आठवडा तिला हौद्यात उतरवू नये, कितीही आग्रह केला तरी. आईस सांगावे की डिंकाचे लाडू पोचले, मात्र तपासणीवाल्यांनी डबा उघडून पाहिला होता.

आपला आज्ञाधारक.

ता. क. माझी स्वतःची वर्गणी बंद करण्याच्या अर्जास आताच उत्तर आले. कंपनीस फार दुःख झाले असून, मी आणखी दोन महिने निम्म्या दरात राहावे अशी तिची विनंती आहे. कुस्तीचा पुढला हंगाम नोव्हेंबरशिवाय सुरू होत नाही. सौ. म्हणते, निम्म्यात मिळते आहे तर राहू या.