दोन वॅटचा गुन्हेगार

लिनिअरमधला रेझिस्टर जळाला, तर चूक रेझिस्टरची. इतका स्वस्त आणि समाधानकारक न्याय हौशी रेडिओच्या जगात दुसरा नाही, आणि त्याची व्हावी तशी कदर झालेली नाही.

पश्चिम रेल्वेवरच्या वाणगावात लिनिअर, म्हणजे ट्रान्समीटरची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर, हवाच. रुळांलगत घर असेल तर २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेची खरखर रिसीव्हरवर येते आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ऐकू येत नसेल तर आपण मोठ्याने बोलावं, हे उघडच आहे.

तर या लिनिअरमध्ये व्हॉल्व्हच्या प्लेटकडून टँक सर्किटकडे जाणाऱ्या तारेत तीन-चार वेढ्यांची कॉइल असते आणि तिच्या पोटात पन्नास-शंभर ओहमचा, दोन वॅटचा कार्बन रेझिस्टर. या जोडीला पॅरासिटिक सप्रेसर म्हणतात. आपल्या कामाचा शॉर्टवेव्ह प्रवाह बहुतांशी कॉइलमधून निघून जातो. व्हॉल्व्हला १५० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःचंच काही गुणगुणायची लहर आली, तर कॉइल आडवी येते, प्रवाह रेझिस्टरमध्ये शिरतो आणि लहर तिथेच जिरते. म्हणजे बिचाऱ्याची नेमणूकच मार खायला. तो मेला की आपण म्हणायचं, माल हलका होता.

काही शंकेखोर इथे गणित काढून बसतात. ०.१ मायक्रोहेन्रीची कॉइल १४ मेगाहर्ट्झला जेमतेम ९ ओहम अडवते, २८ मेगाहर्ट्झला साडेसतरा. प्रवाह तोच धरला तरी पन्नास ओहमच्या रेझिस्टरमधली उष्णता जवळजवळ चौपट. शिवाय प्लेटच्या अंगच्या कपॅसिटन्समधला प्रवाहही फ्रीक्वेन्सीबरोबर चढतो. म्हणजे व्हॉल्व्ह अजिबात गुणगुणला नाही, तरी दहा मीटरच्या, म्हणजे २८ मेगाहर्ट्झच्या, बँडवर कुणाशी तासभर सज्जनपणे बोलत बसल्यानेही रेझिस्टर भाजून निघू शकतो. वर तो बसलेला असतो तापलेल्या प्लेटच्या उशाशी. वेढे कमी करा, असं हे लोक सांगतात. कमी! हौशी माणसाने कधी काही कमी केलंय? तो वेढे वाढवतो. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपटीकडे झुकतो, रेझिस्टर आणखी लवकर जातो, आणि माल हलका असल्याचा नवा पुरावा हाती येतो.

दुसरा पंथ ठिणगीवाल्यांचा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू साठतो, तीन हजार व्होल्ट लागताच आत ठिणगी पडते, आणि सप्लायचे कपॅसिटर व्हॉल्व्हमधून एका दणक्यात रिकामे होतात. त्या झटक्यात सप्रेसरचा रेझिस्टर तडकू शकतो. एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, तारेत दहा ओहमचा दणकट वायरवाउंड घाला, दणका तीनशे अँपिअरच्या आत राहील, असं ते म्हणतात. वायरवाउंड एवढाच शब्द आपण लक्षात ठेवावा. विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं आणि लॅमिंग्टन रोड गाठावा. “कार्बनचा कशाला, काका? दहा वॅटचा वायरवाउंड न्या, जन्मात जळणार नाही.” काकांनी तो आणून एचटीत नव्हे, सप्रेसरमध्येच डाग देऊन बसवावा. दुकानदार खोटं बोललेला नसतो. वायरवाउंड हीच मुळात एक कॉइल. १५० मेगाहर्ट्झचा प्रवाह ती फारसा आत घेतच नाही, मग जळायचं कशाने? व्हॉल्व्हही मोकळेपणी गुणगुणू शकतो.

पलीकडे तारापूरला १९६९ पासून अणुभट्ट्या चालतात. तिथे इशाऱ्याचा दिवा लागला की कारण शोधतात म्हणे. सरकारी पगार असल्यावर एवढा वेळ असतो. घरच्या रेडिओ-शॅकमध्ये दिवा बदलून कधीच न लागणारा बसवणं हे किती सुटसुटीत!

वायरवाउंडच्या या उपायाला निसर्गाचाही पाठिंबा आहे, ही गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. २०२४च्या सुमारास सूर्यावरचे डाग शिखरावर होते, दहा मीटरचा बँड दिवसभर उघडा असायचा आणि रेझिस्टर धडाधड जात होते. अकरा वर्षांच्या या फेऱ्यात डाग पुढे ओसरतील, बँड मुका होईल, काका पुन्हा चाळीस मीटरवर, म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सीवर, येतील. तिथे तीच कॉइल साडेचार ओहमसुद्धा अडवत नाही, त्यामुळे कुठलाच रेझिस्टर तापणार नाही. तेव्हा काका नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, लिनिअरचं झाकण उघडून तो वायरवाउंड दाखवतील आणि म्हणतील, “बघ, चार वर्षं झाली, अजून तोच आहे.”